शनिवारी रविवार पेठेत

पुण्याच्या गुलटेकडीला, मार्केट यार्डात, फळे-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो, हे ज्यांचा माल तिकडे जातो त्यांना सांगायला नको. शुक्रवारी रात्री टेम्पो भरायचा नसतो. आठवड्यातली ही एकच सकाळ अशी, की घरातल्या बाईमाणसाला जरा अंग मोकळे वाटते. पण हा मोकळेपणा दिवेलागणीपर्यंतचाच. रविवारी यार्डात गिऱ्हाईक जास्त, म्हणून शनिवारी रात्री मालही जास्त जातो. दुपारी तोडा, संध्याकाळी निवड आणि प्रतवारी, नऊच्या सुमारास दारात टेम्पोचा हॉर्न. तेव्हा शनिवारी पुण्याला बाजाराला जायचे ठरवलेत, तर पहाटे निघावे आणि सहाच्या आत घरात पाऊल टाकावे. मधले जे तास उरतात, त्यांत काय होते आणि काय होत नाही, ते सांगते.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून वडापने वीस मिनिटांवर. म्हणाल, सासवड जवळ असताना पुण्याला कशाला मरायला जायचे? खरे आहे. किराणा, रोजचे कापडचोपड, औषध-खत सगळे सासवडला मिळते आणि आम्ही घेतोही. पण वर्षातून एक-दोनदा यादी अशी होते, की ती एका गावात पुरी होत नाही. दिवाळीच्या आठवडाभर आधी आमची यादी होती ती ही: दोन नणंदांना भाऊबिजेची लुगडी, म्हणजे आताच्या साड्या, मुलगी अकरावीला आहे, तिची तीन पुस्तके, तांब्याच्या हंड्याला चीर गेली होती, तो मोडीत देऊन नवा, खळ्यावर टाकायला ताडपत्री, बल्ब आणि वायर, आणि सासूबाईंच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे देवघरातली समई. आणखी एक कारण यादीत लिहिलेले नव्हते. चार महिने सीताफळ आणि घेवडा यांच्या मागे वाकून वाकून माणसाला कुठे तरी जावेसे वाटते. बायकांना नुसते फिरायला जायचे म्हटले तर घरात प्रश्न निघतात, बाजाराला म्हटले की निघत नाहीत.

निघालो तिघी. मी, मुलगी आणि आत्याबाई. आत्याबाईंना मी म्हटले, ‘‘तुम्ही दमाल, घरी राहा.’’ तर म्हणाल्या, ‘‘माझं तिकीटच न्हाई, मग मी घरी कशापायी बसू?’’ त्यांचे बरोबरच होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 च्या ऑगस्टपासून एस. टी. त फुकट प्रवास आहे, आणि बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट. आत्याबाईंचा जन्म 1949 चा. पहिली एस. टी. गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली, म्हणजे एस. टी. त्यांच्यापेक्षा एका वर्षाने थोरली. दोघींचेही सांधे वाजतात, पण दोघी अजून घाट चढतात. एक ध्यानात ठेवा, आधार कार्ड खरे बरोबर घ्यावे, कंडक्टरला रुमालाच्या गाठीतून काढून दाखवायला वेळ लागतो आणि मागचे लोक कुरकुर करतात. 2025 च्या जानेवारीत भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, तेव्हा अर्ध्या तिकिटाची किंमत आम्हाला जास्तच कळली.

सासवडहून सकाळची गाडी मिळाली. दिवे घाट उतरताना डावी-उजवीकडे पाहण्याची सवय अजून जात नाही. खाली वडकीच्या अंगाला मस्तानी तलाव दिसतो, आणि आषाढात याच घाटाने ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला वर चढते. वारकऱ्यांना चढण, आम्हाला उतरण. घाट संपला की मात्र पाहण्यासारखे काही उरत नाही. फुरसुंगीचा फाटा, हडपसर, आणि मग गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. सासवड ते पुणे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. घाटाला लागतो त्याहून जास्त वेळ हडपसर ओलांडायला लागतो. परतीचा हिशेब करताना हे विसरू नये. नकाशावर जे जवळ दिसते ते शनिवारी संध्याकाळी जवळ नसते.

स्वारगेटला उतरलो तेव्हा नऊ वाजत आले होते. इथून पेठांत जायला पूर्वी एकच वाट होती, शहर बस. आता भुयारी मेट्रो झाली आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा तिचा टप्पा सुरू झाला, आणि स्वारगेटच्या पुढचेच स्थानक मंडई. दहा रुपये तिकीट, आणि बसल्या बसल्या उठायचे. मुलीने आग्रह केला म्हणून गेलो. आत्याबाई सरकत्या जिन्यापाशी थांबल्या. पायरी पुढे आली की पाय मागे घ्यायच्या. मागून लोक येत होते, पण कोणी रागावले नाही, हे पुणेकरांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण उलटेच जास्त लिहिले जाते. शेवटी तिथल्या एका रखवालदार बाईंनी लिफ्ट दाखवली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधीच लिफ्ट विचारावी.

आता पेठांची एक गोष्ट, जी कळल्याशिवाय तिथे पायपीट चुकत नाही. शिवाजी रस्ता एकमार्गी आहे, तो स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातो. बाजीराव रस्ताही एकमार्गी, तो उलटा, शनिवारवाड्याकडून स्वारगेटला येतो. दोन्ही रस्ते शेजारी शेजारी, मधे तुळशीबाग आणि बुधवार पेठेचा भाग. म्हणजे जाताना बसने मंडईला उतरलात तर परतीची बस त्या थांब्यासमोर मिळणार नाही, ती बाजीराव रस्त्यावर शनिपाराला मिळेल. बैलाला जसे मोटेच्या धावेवर एका वाटेने जाऊन दुसरीने यावे लागत नाही, तसे इथे नाही. इथे जायची वाट वेगळी, यायची वेगळी. म्हणून सगळा बाजार असा आखावा, की पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेला, शनिपारापाशी संपवावा. जड वस्तू शेवटच्या दुकानात घ्यावी, पहिल्या नव्हे.

मंडईच्या स्थानकातून वर आलो की समोर मंडईची दगडी इमारत. मधे आठ कोनी मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेल्या ओवऱ्या. ही 1886 मध्ये पुरी झाली, त्या वेळी गव्हर्नर लॉर्ड रे होते म्हणून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा असल्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना हीच इमारत महात्मा फुले मंडई झाली. आम्हा पुरंदरकरांना यात थोडी गंमत वाटते. फुल्यांच्या घराण्याचे खानवडी गाव पुरंदर तालुक्यातले, आणि अत्रेही आमच्याच सासवडजवळच्या कोढीतचे. मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, ‘‘आई, पुस्तकाच्या दुकानाला उशीर होतोय.’’

पण आत्याबाई मंडईत शिरल्याच. जिथे आपला माल विकला जातो ते ठिकाण पाहिल्याशिवाय शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला पुढे जाववत नाही. एका ओट्यावर सीताफळे मांडली होती, एकेक फळ कागदात बसवलेले, डोळे उघडलेले.

‘‘कुठलं फळ?’’ आत्याबाईंनी विचारले.

‘‘सासवडचं, आजी. पुरंदरचा माल. साखर आहे साखर.’’

‘‘कसं दिलं?’’

त्याने भाव सांगितला. आम्हाला त्या आठवड्यात पट्टीवर जो भाव मिळाला होता त्याच्या अडीचपटीच्या वर होता. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक फळ उचलले, देठ पाहिला, परत ठेवले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘‘आपलंच असंल.’’ मला त्या दुकानदाराला नावे ठेवायची नाहीत. तो पहाटे उठून यार्डातून माल आणतो, त्यातली निम्मी फळे संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, ओट्याचे भाडे असते. सीताफळ हे फळच असे, की एक दिवस उशीर झाला की मातीमोल. तरी पण अडीचपट ऐकले की पोटात कालवते, ते कालवतेच. एक मात्र पाहण्यासारखे होते: वरच्या रांगेला त्याने मोठी फळे वेगळी आणि मधली वेगळी मांडली होती, भावही वेगळे. घरी संध्याकाळी घाईने मोठी-बारीक एका क्रेटमध्ये भरली की आडत्या सगळ्या क्रेटला बारकाचा भाव लावतो. सहाच्या आत घरी पोचायचे ते या कारणासाठी. पुरुषमाणसे तोडा चांगला करतात, पण प्रतवारीला बसली की त्यांना टेम्पोचा हॉर्न ऐकू यायला लागतो.

तिथून रविवार पेठ. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, आणि मुलीने बसमध्येच विनोद केला होता, की शनिवारी रविवार पेठेत जाऊन शुक्रवार पेठेत परत यायचे. (मंडई शुक्रवार पेठेत येते.) रविवार पेठेतली बोहरी आळी ही शेतकऱ्याने एकदा तरी पाहावी. खिळे, बिजागऱ्या, साखळदंड, सुतळी, दोरखंड, ताडपत्री, प्लास्टिकचे कागद, पत्र्याच्या बादल्या, चाळण्या. जे सासवडला एका दुकानात चार नमुने, ते इथे दहा दुकानांत प्रत्येकी वीस. गल्ली अरुंद, हातगाड्या, हमाल पाठीवर गठ्ठा घेऊन ‘‘बाजूला, बाजूला’’ म्हणत येतात, आणि बाजूला व्हायला जागा नसते. इथल्या दुकानांच्या सुट्या सगळ्यांच्या एका वारी नसतात, तेव्हा ज्याच्याकडे काम आहे त्याला आदल्या दिवशी फोन करावा.

ताडपत्री पाहिली, कापड चिमटीत धरून पाहिले, कडेच्या पितळी कड्या मोजल्या, भाव ठरवला. पण घेतली नाही. म्हणजे उचलली नाही. तेरा-चौदा किलोचा तो गठ्ठा काखोटीला मारून साड्यांच्या दुकानात कोण जाणार? आमच्याकडे रीत अशी आहे, की असला अवजड माल टेम्पोवाल्याकडून मागवायचा. माल यार्डात उतरला की टेम्पो रिकामा परत येतो. आडव्या दिवशी त्याच्याजवळ चिठ्ठी आणि उरलेले पैसे द्यायचे, त्याला चहापाण्याचे वेगळे. दुकानदारालाही हे नवे नसते. तो पावतीवर गावाचे नाव लिहून ठेवतो. तुमच्या गावाहून टेम्पो जात असेल तर हीच रीत करा. नुसत्या निवडीसाठी स्वतः जावे, ओझ्यासाठी जाऊ नये. पोती, क्रेट, दोरखंड असले काही एस. टी. त घेऊन चढणारी माणसे पाहिली की मला त्यांच्या खांद्यांची कीव येते, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांचीही.

वायर आणि बल्बसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. नाव तपकिरीचे, माल विजेचा. तिथे दहा मिनिटांत काम झाले. जाताना दगडूशेठ गणपतीचे दर्शन रस्त्यावरूनच घडते. आत रांग मोठी होती, आत्याबाईंनी चपला काढून रस्त्यावरूनच हात जोडले, आणि तेवढ्यात एक मोटारसायकल त्यांच्या चपलेवरून गेली. मग अप्पा बळवंत चौक. मुलीची तीन पुस्तके हवी होती, दोन मिळाली, तिसऱ्याची नवी आवृत्ती यायची होती. दुकानात शाळा-कॉलेजच्या मुलांची ही गर्दी. ती पुस्तकाचे पान उलटून पाहत उभी राहिली आणि मी तिच्याकडे. गावात ती घेवडा तोडते तेव्हा मला तिची घाई असते. इथे तिला घाई करावी असे वाटेना. तिच्या वर्गातल्या दोन मुलींनी दहावीनंतर शाळा सोडली, कारण रोजचे सासवडला जाणे-येणे घरच्यांना झेपले नाही. झेपले नाही म्हणजे पैसे नव्हते असे नव्हे. संध्याकाळच्या गाडीला उशीर होतो आणि गावातले लोक बोलतात, एवढेच.

लक्ष्मी रस्त्यावरचा कापडबाजार थोडक्यात सांगते, कारण तिथे काय होते ते तुम्हाला माहीत आहे. गादीवर बसवतात, पाणी विचारतात, तीस साड्या उलगडतात, आणि मग आपल्यालाच संकोच वाटायला लागतो. संकोच करू नये. उलगडणे हे त्यांचे काम आहे. दोन्ही नणंदांना एकाच किमतीच्या घ्याव्या, रंग वेगळे असावे, पावती एकत्र घ्यावी, म्हणजे पुढची पाच वर्षे शांततेत जातात. दुपारी एक ते चार पुण्यात दुकाने बंद असतात असा जो लौकिक आहे, तो दिवाळीच्या तोंडाला खरा नसतो. उलट दुपारी दीड-दोनला गर्दी जरा पातळ होते, तेव्हाच साडीचे दुकान करावे.

आता एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिलीच पाहिजे. सकाळी साडेपाचला निघाल्यापासून आम्ही तिघींनी मिळून अर्धी बाटली पाणी प्यायले होते. का, ते बायकांना सांगायला नको. पुरुषांना मात्र सांगायला हवे, कारण त्यांच्या हे कधी ध्यानात येत नाही. बाजारात गेलेली बाई पाणी पीत नाही, कारण मग जायचे कुठे? एवढ्या पेठा, एवढी दुकाने, हजारो बायका रोज येतात, आणि त्यांच्यासाठी स्वच्छ स्वच्छतागृह शोधावे लागते. आत्याबाईंचे पाय दुपारपर्यंत सुजले, डोके दुखायला लागले. हे वयाचे नव्हते, न प्यालेल्या पाण्याचे होते. डॉक्टर सांगतात, असे कोंडून धरल्याने आणि पाणी न पिण्याने लघवीचे विकार होतात, आणि शेतात काम करणाऱ्या बायकांत ते आधीच कमी नाहीत. तेव्हा ठिकाणे सांगून ठेवते: स्वारगेटच्या स्थानकात पैसे देऊन सोय आहे, आणि मेट्रोच्या स्थानकांत आहे. मंडई स्थानकात उतरताच आधी तिथे जाऊन यावे, मग बाजाराला लागावे, आणि पाणी प्यावे. साडीच्या मोठ्या दुकानातही विचारावे. आपण तिथे हजारो रुपये देतो, ते नाही म्हणत नाहीत. विचारायची लाज वाटते ती आपल्यालाच.

तुळशीबागेत राममंदिराच्या आवारात बसून भाकरी सोडली. हे देऊळ नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत बांधायला घेतले. भोवती पूर्वी तुळशीची बाग होती म्हणून हे नाव. आता भोवती बांगड्या, टिकल्या, पिना, भातुकलीची पितळी भांडी आणि माणसेच माणसे. पण आवारात शिरले की आवाज खाली बसतो. आमच्यासारख्याच चार-पाच बायका पिशव्या उशाला घेऊन टेकल्या होत्या. एक फलटणकडची, एक शिरूरची. कोणी कोणाला ओळखत नव्हते, पण चटणी सगळ्यांच्या भाकरीवर गेली. शिरूरच्या बाईंनी सांगितले, की त्या दर दिवाळीला येतात आणि दर वर्षी ठरवतात की पुन्हा यायचे नाही.

समई आणि हंडा शेवटी. कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे अजून हातोड्याने ठोकून तांब्याची भांडी घडवतात. पण तिकडे जायला वेळ नव्हता, म्हणून तुळशीबागेजवळच घेतले. जुन्या हंड्याची मोड धरताना दुकानदार वजन करतो, ते काट्यावर स्वतः पाहावे. आणि भांडे घरून निघण्याआधी घरच्या काट्यावर तोलून आणावे. आम्ही तोलून आणले होते. दुकानातला आकडा आणि घरचा आकडा यांत साठ ग्रॅमचा फरक निघाला. आत्याबाईंनी एवढेच म्हटले, ‘‘परत एकदा ठेवा.’’ परत ठेवल्यावर फरक उरला नाही.

चार वाजून गेले. शनिपाराच्या थांब्यावर तीन बस भरून गेल्या, चौथीत शिरलो. माझ्या एका हातात हंडा, दुसऱ्यात साड्या. मुलीच्या पाठीवर पुस्तके. आत्याबाईंनी समई छातीशी धरलेली, जशी काही तान्हे मूल. बसमध्ये एका कॉलेजातल्या मुलाने उठून त्यांना जागा दिली.

स्वारगेटला सासवडच्या गाडीला रांग नव्हती, झुंड होती. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे अजून आहेत. इथे थांबून आयांना एक सांगायचे आहे. 25 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे याच स्थानकात, फलटणला निघालेल्या एका तरुणीला ‘गाडी तिकडे लागली आहे’ असे सांगून एका माणसाने उभ्या बसकडे नेले आणि तिच्यावर अत्याचार केला. तेव्हापासून आमच्या गावात मुलींना एकटीने पाठवायचे नाही असे चार घरांनी ठरवले. मला ते पटत नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजच्या कामाला एकटी जाईल, जावेच लागेल. तिला मी त्या दिवशी स्वारगेटला हेच दाखवत होते: चौकशीची खिडकी कुठे आहे, पोलीस चौकी कुठे आहे, गाडी कोणत्या फलाटाला लागते. कोणी ‘ताई’ म्हणून दुसरीकडे बोलावले, तरी खिडकीवर विचारल्याशिवाय हलायचे नाही. अंधाऱ्या, रिकाम्या गाडीत चढायचे नाही. 112 हा नंबर तिच्या फोनमध्ये तिथेच घालून घेतला. दार लावून घेतल्याने मुलगी घरात राहते, पण स्वारगेट तिला कधीच कळत नाही.

दुसरी गाडी मिळाली, उभ्याने. हडपसरला नेहमीप्रमाणे अडकलो. आत्याबाईंना बसायला मिळाले होते. त्या समईवर डोके टेकून झोपल्या. घाटात वर एक मालट्रक बंद पडला होता, त्याच्यामागे पंचवीस मिनिटे गेली. सासवडला साडेसहा, घरी सात.

हिशेब विचाराल, तर साड्या, हंडा, वायर आणि ताडपत्री मिळून सासवडच्या भावापेक्षा हजार-अकराशे रुपये वाचले. जाण्यायेण्याचे, मेट्रोचे, चहाचे मिळून साडेतीनशेच्या आत खर्च. उरले सातशे. पण तिघींचा एक सबंध दिवस त्यात धरलेला नाही. मजुरीने घेवडा तोडायला बाई लावली तर तिला आपण रोख देतो. घरच्या बाईचा दिवस मात्र कोणत्याच वहीत येत नाही. तो धरला तर सातशे रुपये उरत नाहीत, हे मी घरात सगळ्यांदेखत सांगितले. मोठे दीर म्हणाले, मग पुढच्या वेळी सासवडलाच घ्या. आत्याबाई लगेच म्हणाल्या, ‘‘का? पुण्याला जाऊ की!’’

त्या रात्री प्रतवारीला मी सातनंतर बसले. पुरुषांनी निम्मे क्रेट भरून ठेवले होते, त्यांतले चार उपसून पुन्हा भरले. टेम्पो साडेनऊला आला. मंगळवारी त्याच्याबरोबर चिठ्ठी दिली, आणि बुधवारी सकाळी ताडपत्री ओट्यावर येऊन पडली. उलगडून मोजली. लांबी-रुंदी बरोबर होती, कड्या मात्र दोन कमी होत्या. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, ‘‘ताई, पुढच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतो,’’ आणि पाठवल्या.